रोजच्या छोट्या गोष्टींची साइट काढताय? मग या क्रमानं करा

लोकांनी आपल्या रोजच्या जगण्यातल्या बारक्या बारक्या गोष्टी लिहायच्या आणि बाकीच्यांनी त्या वाचायच्या, अशी साइट काढायचं मनात असेल तर सगळ्यात आधी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, शोधायला जाऊ नका. बरेच जण तिथूनच सुरू करतात, मग थीम निवडण्यात पंधरा दिवस जातात, लोगो होतो, आणि साइट उघडते तेव्हा आत वाचायला काहीच नसतं. मी अशी साइट काही वर्षं चालवतेय आणि माझं मत एवढंच झालंय की सॉफ्टवेअरचं काम दोन आठवड्यांत उरकतं, वाचायचं काम मात्र रोजचं असतं, आणि साइट टिकते ती त्या वाचण्यावर. कुणीतरी पहिल्यांदाच धीर करून चार ओळी पाठवलेल्या असतात, त्या कुणी नीट वाचल्या का, उत्तर कधी आलं, काय आलं, यावर तो माणूस पुन्हा लिहिणार की नाही ते ठरतं. बाकीचं सगळं त्यासाठीची सोय आहे, पण ती सोयही नीट करावी लागते, म्हणून दोन्ही सांगते.

पायरी १: काय घ्यायचं ते आधी कागदावर लिहा

तीनच अटी पुरतात. गोष्ट खरी घडलेली असावी, लिहिणाऱ्याची स्वतःची असावी, आणि लहान असावी. "स्वतःची" म्हणजे त्याच्यासोबत घडलेली किंवा त्यानं डोळ्यानं पाहिलेली. मावशीच्या मैत्रिणीच्या ऑफिसात घडलेली नको, कारण तिथे काय झालं असं विचारलं की सांगणाऱ्याला पुढचं माहीत नसतं.

लहान म्हणजे किती, हे आकड्यात लिहा, पण शब्दांत लिहा, अक्षरांत नको. याचं कारण देवनागरीत आहे. "गोष्ट" हा शब्द वाचताना आपल्याला दोन अक्षरं दिसतात, गो आणि ष्ट. कंप्युटरच्या लेखी ती पाच चिन्हं आहेत, ग, ओकाराची मात्रा, ष, पाय मोडायची खूण आणि ट. त्यामुळे "पाचशे अक्षरं" अशी मर्यादा घातली की ज्याच्या लिखाणात जोडाक्षरं जास्त त्याची जागा आधी संपते आणि त्याला कळतच नाही की काउंटर इतक्या लवकर लाल का झाला. तीनशे शब्द ही मर्यादा मला चांगली वाटते. एक प्रसंग मावतो आणि फोनवर उभ्याउभ्या वाचून होतो.

काय घेणार नाही तेही त्याच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे फॉरवर्ड, राजकीय वाद, कुणाची नाव घेऊन बदनामी, जाहिरात. नंतर कुणाला नाही म्हणायची वेळ आली की हा कागद उपयोगी पडतो, माणसावर जात नाही, अटीवर बोट ठेवता येतं.

पायरी २: साइट उघडायच्या आधी पंचवीस-तीस गोष्टी जमवा

रिकाम्या साइटवर पहिली गोष्ट कुणी लिहीत नाही. आणि नुसतं "लिहा हो" म्हणून काही होत नाही, लोक म्हणतात मला कुठे लिहिता येतं. मी काय करते ते सांगते. बोलता बोलता कुणी काही सांगितलं, समजा लिफ्ट बंद पडली आणि आत अनोळखी माणसासोबत वीस मिनिटं काढली, तर तिथल्या तिथे म्हणायचं, "हे आत्ता जसं सांगितलंस ना, तस्संच टाइप करून पाठव, एक शब्द बदलू नकोस." टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज मागायचा, तो आपण उतरवून घ्यायचा आणि त्यांना दाखवायचा. सुरुवातीच्या माझ्या बऱ्याचशा गोष्टी अशाच आल्यात. या पहिल्या गोष्टींची निवड जीव लावून करा, कारण नंतर येणारा प्रत्येक जण त्या बघूनच ठरवतो की इथे कसं लिहायचं. पहिल्या दहा गोष्टी अलंकारिक असल्या तर अकरावा माणूसही अलंकारिकच लिहितो.

पायरी ३: आता तांत्रिक काम

नवीन माणसाला मी साइट चालवायचं सॉफ्टवेअर म्हणून वर्डप्रेस सांगेन. २००३ पासून आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि अडलं तर उत्तर सापडतं. त्यात "कॉन्ट्रिब्युटर" म्हणून एक भूमिका असते, त्या भूमिकेतला माणूस लिहू शकतो पण स्वतः पब्लिश करू शकत नाही, आपण वाचल्याशिवाय काही बाहेर जात नाही. आपल्याला नेमकं हेच हवंय. ज्यांना लॉगिनची भानगड नको त्यांच्यासाठी एक साधा फॉर्म ठेवा, त्यात टोपणनाव, ईमेल आणि गोष्ट एवढे तीनच रकाने. गप्पा आणि चर्चा जास्त हव्या असतील तर डिस्कोर्स नावाचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण त्याला सर्व्हरची माहिती थोडी जास्त लागते.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या खात्यातून घ्या. साइट बनवून देणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या खात्यात डोमेन राहिलं आणि पुढे तो माणूस फोन उचलेना, असं होतं, आणि मग आपलीच साइट आपल्याला सोडवून घ्यावी लागते. ऑटो-रिन्यू चालू ठेवा. पत्ता https नं सुरू होण्यासाठी, म्हणजे साइट सुरक्षित दिसण्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, त्याची मुदत थोड्या दिवसांची असते म्हणून ते आपोआप नवीन होतंय ना एवढं एकदा तपासा.

आता मराठी साइटला खास त्रास देणाऱ्या गोष्टी. या कुणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली म्हणजे लिंक. पत्त्यात देवनागरी आली की कॉपी केल्यावर बऱ्याचदा तिचे टक्क्याच्या खुणांचे तुकडे होतात, एकेका चिन्हामागे टक्क्याच्या खुणा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून नऊ नऊ. म्हणजे "गोष्ट" एवढ्याशा शब्दाचे पंचेचाळीस होतात. कुणी मेसेजमध्ये लिंक पाठवली की अर्धा स्क्रीन भरून कचरा दिसतो आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे. वर्डप्रेसमध्ये पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला अशा २०० ची मर्यादा आहे, त्यामुळे मराठी शीर्षक वीस-बावीस चिन्हांनंतर पत्त्यात कापलं जातं. सोपा उपाय म्हणजे लिंकमध्ये शीर्षक ठेवूच नका, गोष्टीचा नंबर ठेवा. आणि हे पहिल्याच दिवशी करा, कारण नंतर बदललं की लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या जुन्या लिंका तुटतात.

दुसरी म्हणजे डेटाबेस, जिथे सगळ्या गोष्टी साठवल्या जातात. मायएसक्यूएल हा त्यातला नेहमीचा प्रकार. जुन्या मायएसक्यूएलमध्ये "यूटीएफ८" नावाची जी सोय होती ती एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट द्यायची. देवनागरीला तीन पुरतात म्हणून सगळं छान दिसतं, पण इमोजीला चार लागतात. माझ्याकडे सुरुवातीला एकानं हाताने बनवून दिलेली साइट होती, त्यात एका बाईंची गोष्ट मधेच तुटलेली आली, मला वाटलं त्यांनी अर्धीच पाठवली, मी तसं कळवलं, त्यांनी पुन्हा पाठवली, पुन्हा तिथेच तुटली. तिसऱ्या वेळेला लक्षात आलं की ज्या जागी हसरा चेहरा टाकलाय तिथून पुढचं सगळं गायब होतंय. "यूटीएफ८एमबी४" असं सेटिंग हवं. वर्डप्रेसमध्ये २०१५ पासून ते आपोआप असतं, पण जुनी साइट किंवा कुणी स्वतः बनवलेली असेल तर आधी इमोजी टाकून एक चाचणी गोष्ट सेव्ह करून बघाच.

तिसरी म्हणजे सर्च. "ॲप" हा शब्द दोन पद्धतीनं टाइप होतो. काही कीबोर्ड "ॲ" हे एकच चिन्ह टाकतात, ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्युटरच्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत, २००८ साली स्वतःची जागा मिळाली, तर काही कीबोर्ड अ वर वेगळी अर्धचंद्राची खूण लावतात. डोळ्याला दोन्ही सारखं दिसतं, कंप्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तसंच "दुसऱ्या"मधल्या ऱ्याचं, तोही दोन पद्धतीनं लिहिला जातो. वाचक एक टाइप करतो, गोष्ट दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेली असते, आणि सर्च सांगतो काही सापडलं नाही. ज्याला थोडं कोडिंग येतं त्याच्याकडून गोष्ट सेव्ह होतानाच ही चिन्हं एकसारखी करून घ्या आणि सर्चच्या चौकटीत टाइप केलेल्या शब्दांनाही तेच लावा. पाच-सहा ओळींचं काम आहे.

फॉन्ट साधा ठेवा, "मुक्त" (Mukta) नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं सेटिंग मात्र शून्यच राहू द्या, ते वाढवलं की काही ठिकाणी शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. झालं की एखाद्या जुन्या, साध्या फोनवर उघडून बघा.

पायरी ४: आलेली गोष्ट वाचणं

खरं काम हे आहे, म्हणून इथे वेळ घ्या. माझा नियम असा की गोष्ट आली की दोन दिवसांच्या आत माणसाला उत्तर गेलंच पाहिजे, आणि ते उत्तर वाचून त्याला कळलं पाहिजे की कुणीतरी खरंच वाचलंय. "धन्यवाद, आपली गोष्ट मिळाली" हे यंत्राचं उत्तर झालं. त्या गोष्टीतली एक नेमकी गोष्ट उत्तरात यायला हवी.

एक उदाहरण दाखवते. लिहिणारीची परवानगी आहे. तिनं जे पाठवलं त्याची सुरुवात अशी होती, "आजच्या धकाधकीच्या आणि यांत्रिक जीवनात माणूस माणसाला पारखा झाला आहे असे म्हटले जाते, परंतु मला मात्र वेगळाच अनुभव आला." अशा पाच ओळी झाल्यावर मग प्रसंग. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाई उतरताना हिची छत्री घेऊन गेल्या आणि त्यांची हिच्याकडे राहिली, दोन्ही काळ्या. घरी येऊन उघडली तर एका काडीला निळा दोरा गुंडाळलेला, तेव्हा कळलं की ही आपली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या बसला त्या बाई स्टॉपवर उभ्या, हातात हिची छत्री. म्हणाल्या, "तुमच्या छत्रीचीपण एक काडी निसटलेली होती, बांधून आणलीय." उघडून पाहिलं तर निळाच दोरा. त्यानंतर परत चार ओळी माणुसकीवर.

मी तिला लिहिलं, "तो निळा दोरा मी दोनदा वाचला. तुम्ही सुरुवात सरळ बसमधून केली तर चालेल का? आणि शेवट दोऱ्यावर थांबवला तर? माणुसकी तुम्ही म्हणायच्या आधीच दिसतेय. तुम्हाला तसंच ठेवायचं असेल तर तसंच छापेन." तिनं दोन्ही टोकं कापून पाठवली, एकशे दहा शब्द राहिले. त्यानंतर तिनं बऱ्याच गोष्टी पाठवल्या आणि एकीतही धकाधकीचं जीवन आलं नाही.

यातली शेवटची ओळ महत्त्वाची आहे, "तुम्हाला तसंच ठेवायचं असेल तर तसंच." गोष्ट त्यांची आहे. न विचारता शब्द बदलायचा नाही, शीर्षकसुद्धा नाही. मी फक्त टायपो दुरुस्त करते, आणि तेही ज्यामुळे वाचणारा अडखळेल एवढेच. बोलीतलं लिखाण "शुद्ध" करायला अजिबात जाऊ नका. कुणी "व्हतं" लिहिलं असेल तर ते "होतं" करायचा हक्क आपल्याला नाही, त्या माणसाचा आवाज तिथेच आहे. मात्रा-वेलांटीवरून कुणाची गोष्ट परत पाठवली तर तो माणूस पुन्हा येत नाही, आणि बहुतेकदा तोच माणूस असा असतो ज्याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

नाकारायची वेळ आली तरी उत्तर द्या, कारण द्या, आणि शक्य असेल तर त्याच लिखाणातली एक ओळ दाखवून म्हणा की ही ओळ गोष्ट आहे, इथून लिहून बघा. मी असं पाठवते तेव्हा पुष्कळ लोक खरंच लिहून बघतात.

फॉरवर्ड ओळखायचं असेल तर मधलं एखादं वाक्य अवतरणचिन्हात टाकून सर्च करा. हल्ली एआयकडून लिहून घेतलेल्या गोष्टीही येतात, गुळगुळीत असतात, सगळ्यांचा शेवट एका धड्यावर होतो. पण मी थेट आरोप करत नाही, एक प्रश्न विचारते. "मग त्या काकांनी ती किल्ली कुठल्या खिशातून काढली?" ज्याच्यासोबत घडलंय तो लगेच सांगतो, आणि बरेचदा ते उत्तर गोष्टीपेक्षा छान असतं, मग ते गोष्टीत घालायला सांगायचं.

पायरी ५: गोष्टीतली दुसरी माणसं

रोजच्या गोष्टीत लिहिणारा एकटा नसतो. शेजारी असतात, सासू असते, साहेब असतो, वर्गातला मुलगा असतो, आणि यांच्यापैकी कुणालाच कुणी विचारलेलं नसतं. छापण्यापूर्वी मी दोन प्रश्न विचारते. त्या माणसानं हे वाचलं तर तो स्वतःला ओळखेल का? ओळखला तरी बहुतेक वेळा चालतं, लिखाण चांगल्या मनानं केलेलं असेल तर. दुसरा प्रश्न, त्याच्या ओळखीचे लोक त्याला ओळखतील का, आणि ओळखलं तर त्याचं काही बिघडेल का? इथे हो आलं तर थांबायचं.

नाव काढलं म्हणजे झालं असं नसतं, हे मला चूक करून कळलं. एका गोष्टीत शेजाऱ्यांच्या घरातलं भांडण होतं, नाव कुठेच नव्हतं, मी छापलं. पण त्यात त्यांचा तीन पायांचा कुत्रा होता. त्या भागात तीन पायांचा कुत्रा एकच. दोन दिवसांत त्या घरातल्या ताईंचा मेल आला, रागाचा नव्हता, एवढंच होतं की "सगळ्यांना कळलं." मी गोष्ट लगेच काढली, माफी मागितली, पण लोकांनी वाचायची ती वाचली होती. तेव्हापासून नावाबरोबर मी हेही बघते, वेगळा प्राणी, वेगळं वाहन, दुर्मीळ आजार, छोट्या ऑफिसातलं पद, नेमकी तारीख. लिहिणाऱ्याला सांगायचं की यातलं एक काढा किंवा झाका. कुत्रा होता एवढं पुरतं.

लहान मुलांचं नाव, शाळा, फोटो काहीच नको, आईवडिलांनी स्वतः पाठवलं असलं तरी. ते मूल उद्या मोठं होणार आहे.

फोटो घेत असाल तर त्यातली लपलेली माहिती काढून टाका. फोनवर काढलेल्या फोटोत बरेचदा कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश साठवलेले असतात, फाइल जशीच्या तशी चढवली की ते कुणालाही वाचता येतात. अपलोड होताना ते पुसणारं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, मिळतं. मी तर फोटो घेतच नाही, गोष्टीत जे आहे ते गोष्टीत दिसू दे.

"माझी गोष्ट काढा" असं लिहिणाऱ्यानं म्हटलं की कारण न विचारता काढायची, चोवीस तासांत. गोष्टीतल्या माणसानं म्हटलं तर आधी दिसेनाशी करायची आणि मग दोघांशी बोलायचं. साइटवरून काढली तरी सर्च इंजिनमध्ये काही दिवस दिसू शकते आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी प्रत राहू शकते, हे लोकांना गोष्ट पाठवायच्या फॉर्मवरच साध्या शब्दांत सांगून ठेवा.

कधीतरी रात्री अशी गोष्ट येईल जी गोष्ट नसेल, कुणीतरी संकटात असेल आणि लिहायला दुसरी जागा नसेल. ती छापायची घाई करू नका, त्या माणसाला स्वतः लिहा, लगेच लिहा. तुमच्या वाचकांच्या भागात मदतीसाठी कुठल्या हेल्पलाइन चालू आहेत ते आधीच शोधून, स्वतः फोन लावून खात्री करून ठेवा. अशा वेळी शोधत बसायला वेळ नसतो.

पायरी ६: हक्क

लिखाणाचा हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो. लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ च्या दुरुस्तीनं आलेलं तत्त्व असं की लिखाणाचा हक्क लिहिल्याबरोबर मिळतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. म्हणून फॉर्मखाली दोनच वाक्यं पुरतात, की ही गोष्ट माझी आहे, आणि ती या साइटवर दाखवायची परवानगी देते किंवा देतो. उद्या तुम्हाला निवडक गोष्टींचं पुस्तक काढावंसं वाटलं किंवा त्या वाचून रेकॉर्ड कराव्याशा वाटल्या तर तेव्हा पुन्हा विचारा. सुरुवातीलाच "सर्व हक्क आमचे" असं लिहून घेऊ नका, जो विश्वासानं आईच्या आजारपणातला प्रसंग लिहितोय त्याच्याकडून हे लिहून घेणं बरोबर नाही.

पायरी ७: वाचणाऱ्यांचे प्रतिसाद

दोन नियम ठेवा. न मागता सल्ला द्यायचा नाही, आणि "हे खरं वाटत नाही" असं म्हणायचं नाही, शंका असेल तर मला कळवा. बास. स्पॅमसाठी कॅप्चा शक्यतो टाळा, वयस्कर माणसं त्या तिरक्या अक्षरांपाशी सोडून देतात. त्याऐवजी फॉर्ममध्ये माणसांना न दिसणारा एक रकाना ठेवतात, आपोआप फॉर्म भरणारा बॉट तो भरतो आणि पकडला जातो. एवढ्यानं न भागलं तर अकिस्मेटसारखं प्लगइन लावा.

पायरी ८: लोक लिहीत राहावेत म्हणून

महिना-दोन महिन्यांनी तुम्हाला वाटेल की वाचतात खूप पण लिहिणारे तेच तेच. घाबरू नका. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये याबद्दल लिहिलं होतं, ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के कधीमधी लिहितात आणि १ टक्का लोक सतत. अंदाजाचा नियम आहे पण माझ्याकडचं चित्र फार वेगळं नाही. नुसतं वाचणाऱ्यांना टोचू नका. त्यांनाही साइट आपली वाटत असते, आणि वर्षभर वाचून एक दिवस अचानक लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत.

दर आठवड्याला एक विषय द्या, पण "मैत्री", "पाऊस", "आई" असे विषय देऊ नका, त्यावर लोक निबंध लिहितात. विषय एवढा बारका हवा की ऐकल्याबरोबर एक प्रसंग डोळ्यासमोर यावा. "चुकून दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवली." "रांगेत पुढच्या माणसाशी झालेलं बोलणं." "घरातली अशी वस्तू जी कुणी फेकू देत नाही." शेवटच्या विषयाला आम्हाला एका आठवड्यात एवढ्या गोष्टी आल्या की वाचायला दहा दिवस लागले, बंद पडलेली घड्याळं, एका पायाचा बूट, कुणाच्या तरी अक्षरातली यादी.

रोज एकच गोष्ट छापा, ठरलेल्या वेळेला. एका दिवशी सात आणि मग आठवडाभर काही नाही, असं झालं की सातांपैकी पाच कुणी वाचत नाही, आणि त्या पाच जणांना ते कळतं.

"तुमची गोष्ट आज आलीय" असा मेल लिहिणाऱ्याला जरूर पाठवा, पण तो स्पॅममध्ये जात नाही ना ते बघा. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहूनं नियम कडक केलेत, तुमच्या डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी नसतील तर मेल अडकू शकतो. होस्टिंगवाल्यांच्या मदतीनं अर्ध्या तासात होतं.

पायरी ९: जपणूक

लोकांनी दिलेलं आपल्याकडे ठेवायला दिलंय असं समजा. बॅकअपचा जुना नियम ३-२-१ असा आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर किंवा सर्व्हरबाहेर. होस्टिंगवाले बॅकअप घेतात म्हणून निश्चिंत राहू नका, ती प्रत त्यांच्याचकडे असते. आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो बॅकअप रिकाम्या जागी उघडून बघा, एक गोष्ट शेवटपर्यंत वाचा, मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं तर आली नाहीत ना ते बघा. प्रश्नचिन्हांनी भरलेला बॅकअप म्हणजे काहीच नाही.

पासवर्ड दोन माणसांकडे हवेत. तुम्ही आजारी पडलात, प्रवासात असलात, तर दुसरं कुणीतरी आलेली गोष्ट वाचून उत्तर देऊ शकलं पाहिजे. हा दुसरा माणूस निवडताना त्याला कोडिंग येतं का हे बघू नका, तो कसा वाचतो ते बघा. त्याला पाच आलेल्या गोष्टी द्या आणि पाचही जणांना उत्तरं लिहायला सांगा, लगेच समजतं.

पायरी १०: बंद करायची वेळ आलीच तर

हे सुरू करतानाच लिहून ठेवा. जिओसिटीज या फुकट वेबपानं बनवू देणाऱ्या साइटवर लोकांनी १९९० च्या दशकापासून आपापली पानं बनवली होती, २००९ मध्ये याहूनं ते बंद केलं, जपानमधलं तेवढं २०१९ पर्यंत राहिलं. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं म्हणून थोडं तरी वाचलं. आपली साइट छोटी आहे, आपल्याला हे नीट करता येतं. कमीत कमी सहा महिने आधी सांगायचं, नवीन गोष्टी घेणं थांबवायचं पण जुन्या वाचायला उघड्या ठेवायच्या, आणि प्रत्येकाला त्याच्या सगळ्या गोष्टी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मेलनं पाठवायच्या, तारखांसह, आणि खाली आलेल्या प्रतिसादांसह, कारण बऱ्याच लोकांना गोष्टीइतकेच ते प्रतिसाद हवे असतात. मेल परत आला तर टोपणनावाची यादी करून साइटवर वर लावायची की यांच्याशी संपर्क होत नाहीये. आणि फाइलला आकड्यांचं नाव देऊ नका, त्यांच्या पहिल्या गोष्टीचं नाव द्या, म्हणजे पाच वर्षांनी फोनमध्ये शोधताना त्यांनी "निळा दोरा" टाइप केलं तरी ती सापडेल.